मलूल कोंबडी परत अंड्यावर आणताना

गेल्या आषाढातली गोष्ट. सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर बारापैकी अकराच बाहेर आल्या. तांबडी आत कोपऱ्यात उभी होती. पिसं फुगवलेली, मान आत ओढलेली, शेपटी खाली, एक डोळा अर्धा मिटलेला. दाणे टाकले तरी हलली नाही. शेजारच्या काकी खळ्यात आल्या होत्या. त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "बाय, पडायच्या आधी सुरी लाव. चार दिवसांनी श्रावण लागेल, मग तेही नाही."

आजारी कोंबडीवर आमच्याकडे हाच उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो का करू नये ते पुढे सांगते. तांबडी तेव्हा दीड वर्षाची होती आणि आठवड्याला चार-पाच अंडी द्यायची. ती वाचली. सगळ्याच वाचतात असं नाही, मीही माडाच्या बुंध्याशी पुष्कळ पुरल्यात. पण ज्या गेल्या त्यातल्या निम्म्या तरी आजारापेक्षा माझ्या घाईने गेल्या, असं आता वाटतं. आपण आधी औषध शोधतो, मग चोच उघडून खाणं कोंबतो, आणि ऊब नि पाणी सगळ्यात शेवटी आठवतं. हा क्रम बरोबर उलटा हवा.

आजारच आहे ना?

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी आजारी नसते. ती घरट्यात चपटी होऊन बसते, हात नेला की फुगते, गुरगुरते, टोचते. उचलून बाहेर ठेवली की घाईघाईने खाते, पाणी पिते, एक मोठी घाण वासाची शीट टाकते आणि परत जाऊन बसते. पिसं झडण्याच्या दिवसांतही अंडी थांबतात, तुरा जरा फिका पडतो, कोंबडी भिकारीण दिसते. पण ती चरत असते. आजारी कोंबडीला कशातच रस उरत नाही आणि ती कळपापासून बाजूला उभी राहते. कोंबडी दुखणं लपवते, कारण कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात. त्यामुळे आपल्याला दिसतं तेव्हा दुखणं बहुतेक दोन-तीन दिवसांचं जुनं असतं. "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणण्याइतका वेळ हातात नसतो.

पहिल्या तासात: वेगळी आणि उबदार

कळपातून काढा. डालगं, फळांचं खोकं, जुनं पिंप आडवं करून, काहीही चालेल. जागा कोरडी, अर्धअंधारी, आणि कुत्र्यामांजरांच्या वाटेवर नसलेली हवी. बाकीच्या कोंबड्यांपासून लांब, आणि वाऱ्याच्या झोतात नको. आजारी कोंबडीचं खाणं-पाणी, भांडी वेगळी. आधी निरोगी कोंबड्यांचं उरका, मग हिच्याकडे जा. हात साबणाने धुवा, चपला बदला. चपलेच्या तळाला लागलेल्या शिटेतून रोग खुराडंभर फिरतो.

खाली भाताचा तूस पसरण्याचा मोह होतो. पहिले दोन दिवस तूस नको, वर्तमानपत्र अंथरा. कागदावर शीट किती, कोणत्या रंगाची, हे दिसतं. तुसात सगळं गडप होतं.

मग ऊब. निरोगी कोंबडीचंच अंग ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा चार-पाच अंश जास्त. म्हणून हात लावून "ताप आहे" ठरवता येत नाही, हाताला ती कायम गरमच लागते. उलट पाय नि तुरा गार लागला तर समजा की ती थंडावत चाललीय. खाणं बंद झालं की अंग गरम ठेवायला लागणारं इंधनच संपतं. खोक्यातली हवा २८ ते ३० अंशांच्या आसपास ठेवली की तिची ती ताकद वाचते. ४० किंवा ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब खोक्याच्या एकाच बाजूला लावा, म्हणजे गरम झालं तर तिला दुसरीकडे सरकता येतं. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. आमच्याकडे पावसात वीज असली तर असते, म्हणून मी गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या अंगाशी ठेवते आणि दर दोन तासांनी बदलते.

विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत मात्र हे सगळं उलटं. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे ठेवून कोंबडी धापा टाकत असेल तर तो उष्माघात. तिला सावलीत घ्या, पाय साध्या पाण्यात बुडवा, गार पाणी पाजा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

हातात घेऊन तपासणी

तिला काखेत धरा, पंख आपल्या अंगाशी दाबलेले, डोकं मागच्या बाजूला. पाय एका हातात. आता चोचीपासून शेपटीकडे जायचं.

डोळ्यांत फेस, चिकटा, सूज आहे का? नाकपुडीतून पाणी येतं का? चोच उघडून जिभेखाली पांढरट चिकट थर आहे का? तोंडाला आंबूस वास आहे का? पाठीला कान लावा. घरघर ऐकू आली तर छातीचा विकार. तुरा फिका पांढरा म्हणजे रक्त कमी, मग गोचीड, उवा किंवा जंत यांचा संशय घ्या. निळा-जांभळा म्हणजे रक्ताभिसरण किंवा श्वास अडलाय, हे गंभीर.

मानेच्या बुडाशी, छातीच्या उजव्या अंगाला अन्नपिशवी चाचपा. रात्री झोपताना ती भरलेली असते आणि पहाटे रिकामी, हे निरोगीपण. सकाळी दाणा टाकायच्या आधी ती भरलेली लागली तर खाणं पुढे सरकत नाहीये.

छातीचं मधलं हाड बोटांनी चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं असेल तर आजार आजचा नाही, आठवड्यांचा आहे.

मग पोट. मागच्या बाजूला, दोन हाडांच्या मध्ये, पाण्याच्या फुग्यासारखं डुचमळतंय की आत काही कडक लागतंय? शेवटी गुदद्वाराभोवतीची पिसं फाकवून बघा. पिसांच्या मुळाशी पांढरट गुठळ्या म्हणजे उवांची अंडी. पायाचे तळवेही बघा. काळी खपली असलेली गाठ असेल तर आत पू झालेला असतो, आणि दुखऱ्या पायामुळे पाण्यापर्यंत जाणंच तिने सोडलेलं असतं.

एक वजनकाटा जवळ ठेवा. रोज सकाळी, काही द्यायच्या आधी वजन करून भिंतीवर खडूने लिहा. "आज बरी वाटते" या आपल्या वाटण्याला काही अर्थ नसतो. १,६५० ग्रॅम, १,६१०, १,५९० हे आकडे मात्र खरं सांगतात.

पाणी, आणि माझ्या हातून गेलेली एक तलंग

अंड्यावरची कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आजारी असताना ती आधी पाणी सोडते, आणि मरते ती बहुतेकदा त्यानेच.

सुरुवातीच्या काळात मी एका तलंगेची, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या कोवळ्या कोंबडीची, चोच फाकवली आणि सिरिंजने सरळ घशात पाणी सोडलं. तिने दोनदा मान झटकली, घरघरली आणि पाच मिनिटांत गेली. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागे लगेच असतं. घशात सोडलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं.

म्हणून असं करा: बोटाने किंवा ड्रॉपरने चोचीच्या बाजूला, वरच्या-खालच्या चोचीच्या सांध्यावर एक थेंब ठेवा. तो आत ओढला जातो, ती गिळते. गिळल्यावर दुसरा थेंब. दर पंधरा-वीस मिनिटांनी दहा-पंधरा थेंब. कंटाळवाणं काम आहे, शाळकरी पोरांवर सोपवलं तर ती आनंदाने करतात. दोन-तीन तासांत बहुतेक कोंबड्या स्वतः वाटीत चोच घालू लागतात.

मेडिकलमध्ये मिळणारं एक लिटरचं ओआरएसचं पाकीट मी दोन लिटर पाण्यात कालवते. कोंबडीला जास्त मीठ सोसत नाही. हे पाणी एक-दोन दिवसच द्यायचं आणि सोबत साध्या पाण्याचीही वाटी ठेवायची. कालवलेलं पाणी रात्री उरलं तर ओतून टाका.

खाणं

ऊब नि पाणी मिळाल्यावर, आणि अन्नपिशवी तुंबलेली नसेल तरच. पहिल्या दिवशी नेहमीचा लेअर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) कोमट पाण्यात सैल कालवून द्या, किंवा मऊ भात नि उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. अंडं खायला दिलं की कोंबडीला अंडी फोडायची सवय लागते असं म्हणतात. उकडून कुस्करलेल्या बलकाने तसं झालेलं मी पाहिलेलं नाही. चमचाभर ताक चालतं. दूध, तिखट-मिठाची आमटी, तेलकट शिळंपाकं नको. पावसाळ्यात मक्याला नि भरड्याला बुरशी धरते. तिच्यातलं विष यकृत खातं. पोत्यातून कुबट वास आला तर ते पोतं फेका, "कोंबड्यांना काय होतंय" म्हणून संपवू नका. अनेकदा आजाराचं मूळ तिथेच असतं.

तांबडीचं काय होतं

तपासताना तांबडीचा तुरा लाल होता, अन्नपिशवी रिकामी, छाती भरलेली. पण ती शेपटी दर काही क्षणांनी खालीवर हलवत होती, जणू जोर लावतेय. कागदावर शीट नव्हती. आदल्या दिवशी ती चार वेळा घरट्यात जाऊन रिकामी बाहेर आली होती, ते आता आठवलं. हाताला खोबरेल तेल लावून एक बोट हळूच आत सरकवलं, तर दोन इंचांवरच गोल, कडक काहीतरी लागलं. अंडं अडकलं होतं.

एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाचे. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाण्यातून मिळालं नाही की कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं. त्या पावसात आम्ही नुसता तांदळाचा कणा घालत होतो. लेअर मॅशमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, कण्यात जवळजवळ नाहीच. म्हणजे चूक आमचीच.

उपाय असा केला. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी अर्धी कुटून मऊ भाताच्या सुपारीएवढ्या गोळ्यात घातली आणि चोचीपुढे धरली. नंतर घमेल्यात कोपराला सोसेल इतकं गरम पाणी, ३८-४० अंशांचं, पोट बुडेल एवढं घेतलं आणि तिला त्यात वीस मिनिटं बसवलं. सुरुवातीला धडपडली, मग डोळे मिटून निवांत झाली. गरम पाण्याने स्नायू सैल पडतात. मग पंच्याने पुसून, चुलीच्या उबेला कोरडी करून, गुदद्वाराशी परत खोबरेल तेल लावून अंधाऱ्या खोक्यात ठेवली. दोन तासांनी काही नाही. पुन्हा पाणी, पुन्हा तेल. दिवेलागणीला खोक्यात हात घातला तर ओलं, गरम अंडं होतं. कवच खरखरीत, एका टोकाला पापडासारखं पातळ.

ते अंडं पोटावरून दाबून काढायचा प्रयत्न करू नका. आत फुटलं तर कवचाचे तुकडे नळी कापतात आणि पुढे पू होतो. दोन-तीनदा शेकूनही संध्याकाळपर्यंत आलं नाही तर पशुवैद्य गाठा. अडकलेल्या अंड्याने एक-दोन दिवसांत कोंबडी जाते.

जोर लावून लावून अंग बाहेर आलं, लाल गोळा दिसू लागला, तर तिला त्याच क्षणी वेगळी करा. बाकीच्या कोंबड्या तो लाल गोळा टोचून खातात. कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, तेल लावलेल्या बोटाने हळू आत ढकला आणि काही दिवस अंधारात ठेवून अंडी थांबवा. पुन्हा पुन्हा येत असेल तर ती टिकणं कठीण.

बाकीची नेहमीची दुखणी

अन्नपिशवी पहाटे कडक भरलेली असेल तर बहुतेक लांब गवत, काथ्या किंवा प्लॅस्टिक अडकलेलं असतं. खाणं बंद, फक्त पाणी. चमचाभर खोबरेल तेल थेंबाथेंबाने पाजा आणि दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटं हलक्या हाताने चोळा. पिशवी फुग्यासारखी मऊ आणि तोंडाला आंबूस वास असेल तर आत अन्न आंबलंय. तेव्हा कोंबडी उलटी धरून ओकवायचा सल्ला सगळेजण देतात. तो ऐकू नका, पाण्याच्या सिरिंजसारखाच तो जीव घेतो. २४ तास उपास, मग थोडं ताक, मग मऊ भात. सुधारणा नसेल तर डॉक्टर.

फिका तुरा नि उवा दिसल्या तर एकट्या कोंबडीवर उपचार करून भागत नाही. गोचीड दिवसा खुराड्याच्या फटींत लपते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खाली नि फटींत बघा, मगच पटतं. खुराडं रिकामं करून फटी चुन्याने लिंपा आणि बाहेर चुलीच्या राखेचा ढीग करून द्या. कोंबड्या त्यात लोळून उवांचा बंदोबस्त बऱ्यापैकी आपला आपण करतात. कीटकनाशक लागलंच तर डॉक्टरांनी दिलेलंच, भाजीवर फवारायचं उरलेलं नाही.

रक्ती हगवण बहुतेक पिल्लांची नि तलंगांची, ओल्या तुसातून येते. हिच्यावर नेमकं औषध आहे आणि लवकर दिलं तर ते लागू पडतं. रक्त दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात जा. देवी आल्या तर तुऱ्यावर काळ्या खपल्या धरतात. खपल्या ओरबाडू नका, हळद नि खोबरेल तेल लावा, डोळे नि चोच स्वच्छ ठेवा. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कोंबड्या उठतात.

हे दिसलं तर शुश्रूषा नाही, फोन

मान वाकडी-पिळलेली, लंगडेपणा, हिरवी पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, आणि एकीमागून एक कोंबडी पडतेय, तर ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. नुसती हिरवी शीट मात्र उपाशी कोंबडीलाही होते, तेवढ्यावर घाबरू नका. मानमोडीवर औषध नाही, लसच आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना डोळ्यात लासोटाचा थेंब आणि पुढे ६ ते ८ आठवड्यांचं झालं की आरटूबीचं इंजेक्शन. कुपीत कितीतरी कोंबड्यांचे डोस असतात आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून आम्ही अख्ख्या वाडीच्या कोंबड्या एकाच संध्याकाळी टोचून घेतो. आजारी कोंबडीला लस देऊन ती बरी होत नाही.

एका रात्रीत काही कारण नसताना बऱ्याच मेल्या, तुरे जांभळे, डोकी सुजलेली, तर हात लावू नका. देशात पाळीव कोंबड्यांत बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारमधल्या नवापूरला, आणि पुन्हा २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात आला. म्हणजे ही लांबची गोष्ट नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. मेलेली कोंबडी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, फेकायची नाही. खोल खड्ड्यात चुना घालून पुरायची, कुत्रं उकरणार नाही अशी.

काकींच्या सुरीचा प्रश्नही इथेच येतो. शिजल्यावर बरेचसे जंतू मरतात हे खरं, पण पिसं काढताना, आतडी साफ करताना ते आपल्या हाताला, डोळ्याला, श्वासाला लागतात. राणीखेतने माणसाचेही डोळे येतात. आणि कापताना आपल्याला रोगाचं नावही ठाऊक नसतं.

औषधाचं

माणसाच्या कॅप्सूल फोडून अर्धी-अर्धी चारायची पद्धत घरोघरी आहे. मीही केलंय. अंडं अडकलेल्या कोंबडीला प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही, आणि विषाणूच्या आजारालाही नाही. शीट, वजन, तुऱ्याचा रंग एवढं लिहून डॉक्टरांना सांगितलं, मोबाइलवर फोटो दाखवले, तर योग्य औषध मिळायची शक्यता पुष्कळ वाढते. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे तिथेच विचारून घ्या. लसूण, हळद, तुळस द्यायला हरकत नाही. पण त्यांच्या भरवशावर दोन दिवस घालवू नका.

परत कळपात

वजन तीन दिवस सलग वाढलं, शीट तपकिरी नि वर पांढरी टोपी अशी घट्ट झाली, आणि ती खोक्यात उभी राहून कटकट करू लागली, की बाहेर काढायला हरकत नाही. संसर्गाचा आजार असेल तर मात्र बरी झाल्यावरही दोन आठवडे वेगळीच ठेवा. एकदम कळपात सोडलीत तर बाकीच्या रक्त निघेपर्यंत टोचतात, कारण आठवडाभर नसलेली कोंबडी त्यांच्या लेखी परकी असते. आधी दोन दिवस खळ्यात डालग्याखाली ठेवा, म्हणजे त्या एकमेकींना बघतात. मग रात्री अंधारात उचलून दांडीवर इतरांच्या मध्ये बसवा. तरी पहिला दिवस लक्ष ठेवा आणि खाण्याची दोन भांडी लांब-लांब मांडा.

तांबडीला मी आठवडाभर मंद उजेडात ठेवलं, अंडी मुद्दाम थांबू दिली. कणा बंद करून लेअर मॅश सुरू केला, आणि शिमग्यापासून साठलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवल्या. ज्यांना हवं त्या त्यातून टिपतात, पिल्लांच्या खाण्यात मात्र त्या मिसळायच्या नाहीत. सोळाव्या दिवशी सकाळी ती घरट्यात गेली आणि तासाभराने सगळी वाडी ऐकेल एवढा कलकलाट करत बाहेर आली. कवच टणक होतं.

श्रावण चालू होता. संध्याकाळी काकी खळ्यातून डोकावल्या आणि विचारलं, "काय गो, देते का?" मी म्हटलं, देते. म्हणाल्या, "मग गणपती झाले की माझ्या खुडकीखाली घालायला पाच अंडी ठेव हिचीच."